परवा की तीस?

पहिला दिवस : कैरो

इजिप्तला जायचं ठरलं ते भावोजींमुळे. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी दुपारची झोप सोडली आणि यूट्यूब धरलं. बायबलमधला मोशे म्हणजे दुसरातिसरा कुणी नसून इजिप्तचा राजा, फॅरो अखेनातेन, योसेफ म्हणजे अखेनातेनचा आजोबा युया, आणि यहुद्यांचं अख्खं धर्मशास्त्र म्हणजे इजिप्तमधून उचललेला माल, एवढं त्यांचं पक्कं झालं होतं. "पुरावे आहेत गं," असं ते वरण वाढून घेता घेता म्हणत. ताईला पिरॅमिड बघायचे होते. मला एक अक्षर बघायचं होतं, पण ते इजिप्तमध्ये नाहीच. म्हणून त्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही.

मी एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरते. दोन मजकूर सारखे दिसले म्हणून एकाने दुसऱ्याचा उतरवला असं होत नाही. चूक सारखी निघाली की मात्र संशय घ्यायचा. परीक्षेत कॉपी पकडणारे मास्तरही हेच करतात. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात.

ताहरीर चौकातलं जुनं म्युझियम गुलाबी रंगाचं आहे आणि आत शिरल्यावर एखाद्या श्रीमंत वाड्याच्या माळ्यावर आल्यासारखं वाटतं. वस्तूंवर वस्तू, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या. भावोजी थेट मेर्नेप्ताहच्या शिलालेखासमोर जाऊन उभे राहिले. माणसापेक्षा उंच, तीन मीटरच्या वर काळा ग्रॅनाइट. फ्लिंडर्स पेट्रीला तो 1896 मध्ये थेब्सला, म्हणजे आजच्या लक्सरला सापडला. काळ साधारण इ.स.पू. 1208. एका बाजूला अखेनातेनच्या बापाचा, आमेनहोतेप तिसऱ्याचा मजकूर; मेर्नेप्ताहने तोच दगड उलटा करून पाठीवर स्वतःचा विजय कोरून घेतला. पाठकोरा कागद वापरायची सवय राजांनाही होती म्हणायची.

लेखाच्या शेवटाकडे, सत्ताविसाव्या ओळीत, 'इस्राएल' हे नाव येतं. जगात कुठेही सापडलेला हा त्या नावाचा सर्वमान्य असा सगळ्यात जुना उल्लेख, आणि तो काय म्हणतो? इस्राएल उद्ध्वस्त झाला, त्याचं बी उरलं नाही. ज्याची पहिली नोंदच मृत्यूची बातमी म्हणून झाली, असं नाव दुसरं मला तरी ठाऊक नाही.

"बघ, इथेच होते ते!" भावोजी म्हणाले.

"इथे नव्हते भावोजी, तिकडे कनानात, आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनकडे होते. याने तिकडे जाऊन मारल्याची फुशारकी आहे ही."

मी भिंगातून बघत होते. आजूबाजूच्या गावांच्या नावांपुढे प्रदेशाची खूण आहे, तीन टेकड्यांची. 'इस्राएल'पुढे ती नाही. तिथे एक बसलेला पुरुष, एक बसलेली बाई आणि खाली तीन रेघा, म्हणजे 'लोक'. गाव नव्हे, राज्य नव्हे, नुसती माणसं. काही अभ्यासकांनी हे लेखनिकाच्या निष्काळजीपणावर ढकललं. लेखनिकाचा निष्काळजीपणा मी आयुष्यभर पाहिलाय. तो असा नेमका नसतो.

वरच्या मजल्यावर युया आणि थुया हे नवराबायको आहेत. 1905 साली राजांच्या दरीत त्यांची कबर जवळजवळ अखंड सापडली. युयाचा चेहरा बघून ताई एकदम गप्प झाली. पिवळसर केस, धारदार नाक. झोपलाय आणि हाक मारली तर कूस बदलेल. अहमद ओस्मान नावाच्या लंडनवासी इजिप्शियन लेखकाने 1987 मध्ये मांडलं की हाच योसेफ. आधार काय, तर युयाला 'देवाचा पिता' अशी पदवी होती आणि बायबलमधल्या उत्पत्तीच्या 45व्या अध्यायात योसेफ म्हणतो की देवाने मला फारोच्या बापाच्या जागी ठेवलं. शिवाय युयाचं नाव कबरीतल्या वस्तूंवर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलंय, म्हणजे नाव परकं असावं.

परकं असेलही. पण योसेफ 110 वर्षांचा होऊन वारला असं उत्पत्ती सांगते, आणि हा गृहस्थ साठीच्या आसपास गेला. गंमत म्हणजे खरा इजिप्शियन धागा त्या 110मध्येच आहे. इजिप्तमध्ये पूर्ण, भाग्यवान आयुष्य म्हणजे 110 वर्षं. आपण 'शतायुषी हो' म्हणतो तसं. योसेफाची गोष्ट लिहिणाऱ्याला ही रीत ठाऊक होती. म्हणजे त्याने ममीचं नाव कुठून चोरलं नव्हतं, त्याला शेजाऱ्यांचा आशीर्वाद पाठ होता.

युयाची पोथी भिंतीवर उलगडून लावली आहे, वीसेक मीटर लांब. मेल्यानंतर वाटेत कामाला येणारे मंत्र. अशा पोथ्यांतल्या 125व्या अध्यायात मृतात्मा बेचाळीस न्यायाधीशांपुढे एकेक नकार देतो : मी मारलं नाही, मी चोरी केली नाही, मी मापात पाप केलं नाही.

"बेचाळीसमधल्या दहा उचलल्या," भावोजी.

"चोरी करू नये हे कळायला कुणाकडून उतरवून घ्यावं लागतं का?" ताई म्हणाली. तिचा बाहेर ठेवलेला चपलांचा जोड मागे एका देवळात गेला होता, तेव्हापासून ती या विषयावर ठाम आहे.

मला फरक वेगळाच दिसला. इथे मेलेला माणूस सुटण्यासाठी साक्ष देतोय, बायबलच्या निर्गमातल्या दहा आज्ञांत जिवंत माणसांना हुकूम दिलाय. बोलणारा बदलला, ऐकणारा बदलला, वेळ बदलली. एवढं बदलल्यावर त्याला नक्कल म्हणवत नाही.

दुसरा दिवस : जुनं कैरो

सकाळी फूल, म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळच म्हणा. भावोजींनी पुण्याहून आणलेली चटणी त्यावर भुरभुरली आणि वाढप्याने ती चाखून डोळे मोठे केले.

बेन एझ्रा सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनाघर, डागडुजी होऊन 2023 मध्ये पुन्हा उघडलं. याच्या माळ्यावर शेकडो वर्षं कागद टाकले जात होते, कारण देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही असा नियम. सॉलोमन शेक्टरने 1896-97च्या हिवाळ्यात त्या कोठीतले पोत्यांनी कागद केंब्रिजला नेले. त्यात धर्मग्रंथ निघाले तशा वाण्यांच्या याद्या, घटस्फोट, मुलांची पाटी आणि मलबार-कोकणपट्टीशी व्यापार करणाऱ्यांची पत्रंही निघाली. माझ्या घरच्या रद्दीत देवाचं नाव असलेल्या पत्रिका अजून पडून आहेत. त्या टाकवत नाहीत हे ताईलाही मान्य.

इथे मला रास्ता पेठेतल्या आजी आठवल्या. आमच्या वाड्यात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं कुटुंब होतं. नऊवारी नेसणाऱ्या, आमच्यापेक्षा ठसठशीत मराठी बोलणाऱ्या आजी. त्या सांगायच्या, "आमचं जहाज फुटलं नवगावला, अलिबागजवळ. सात जोडपी वाचली. पुस्तकं सगळी समुद्राला गेली. शनिवार तेवढा राहिला." कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत, तेलाचा घाणा शनिवारी बंद. बाकी सगळं विसरले तरी 'शमा'ची प्रार्थना आणि शनिवार विसरले नाहीत. हे वाक्य इथे का लिहितेय ते आठव्या दिवशी कळेल.

तिसरा दिवस : रेल्वे, मिन्या

रामसेस स्टेशनवरून दक्षिणेकडची गाडी. एका हाताला नाईल, उसाची शेतं, गाढवं; दुसऱ्या हाताला वाळवंट कधी जवळ, कधी लांब. कोल्हापूरची माणसं इथे आणून सोडली तर ऊस बघून निवांत होतील.

भावोजींनी फ्रॉइड काढला. फ्रॉइडचं शेवटचं पुस्तक 1939चं, मोशेवरचं. त्यात तो म्हणतो की मोशे इजिप्शियन होता, अखेनातेनच्या एकदेवी पंथाचा माणूस. राजा मेल्यावर पंथ बुडाला तेव्हा त्याने तो दुसऱ्या लोकांना दिला. आधार मुख्यतः नावाचा. 'मोस' म्हणजे इजिप्शियन भाषेत जन्मलेला, अमक्याचा पुत्र : थुतमोस, आहमोस, रामोस. पुढचं देवाचं नाव गळालं आणि 'मोशे' उरलं. निर्गमात मात्र फारोची मुलगी म्हणते, मी याला पाण्यातून काढलं म्हणून मोशे. हिब्रू क्रियापदावरून जुळवलेली व्युत्पत्ती. इजिप्तच्या राजकन्येला हिब्रू श्लेष सुचला असं मानायचं!

नावाबद्दल फ्रॉइडचं बहुतेकांना पटतं. फिनहास हेही इजिप्शियन नाव, अर्थ 'नूबियाचा माणूस'. पण नाव इजिप्शियन म्हणून माणूस इजिप्शियन, आणि इजिप्शियन म्हणून अखेनातेनचा चेला, या दोन उड्या आहेत. आमच्या गल्लीत सिकंदर नावाचे दोघे होते. त्यांतल्या एकाचाही मॅसिडोनियाशी संबंध नव्हता.

"अदोनाय म्हणजे आतेनच," भावोजी थांबेनात. "फ्रॉइडनेच म्हटलंय."

त्याने तो विचार बोलून दाखवला आणि आपला हा प्रांत नव्हे म्हणून सोडून दिला. यहुदी देवाला 'अदोनाय' म्हणतात आणि आतेन हा अखेनातेनचा सूर्यदेव; पण 'अदोन' म्हणजे नुसतं धनी. हा शब्द युगारितच्या मातीच्या पाट्यांवरही आहे, म्हणजे सीरियाच्या किनाऱ्यावर, तिथल्याच भाषेत. पु. ना. ओक वाचून मोठ्या झालेल्या पिढीला शब्दावर शब्द ठेवून देश जिंकायची चटक असते. व्हॅटिकनची वाटिका आम्ही शाळेतच केली होती.

मात्र कान शाबूत ठेवून ऐकलं तर यातलं एक खरंच जुनं आहे. मोशे इजिप्शियन होता ही कल्पना फ्रॉइडच्या आधी दोन हजार वर्षांची. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला इजिप्शियन पुरोहित मनेथो सांगतो की हेलिओपोलिसच्या ओसार्सेफ नावाच्या पुरोहिताने महारोग्यांना जमवून बंड केलं, देवांची पूजा बंद पाडली आणि नंतर मोशे हे नाव घेतलं. मनेथोचं पुस्तक हरवलं; हे कळतं ते जोसेफस या यहुदी इतिहासकाराने त्याला शिव्या देताना उतारा दिला म्हणून. यान आसमान या जर्मन अभ्यासकाने यावर फार सुंदर विचार केला. त्याचं म्हणणं असं की अखेनातेनचं नाव इजिप्तने पुसलं, पण धक्का पुसला गेला नाही. तो अनाम होऊन फिरत राहिला आणि शेवटी परक्यांच्या नावावर चिकटला. अखेनातेन मोशे झाला नाही. मोशेच्या गोष्टीवर अखेनातेनची बदनामी जाऊन बसली. सगळ्या अद्‌भुत सिद्धांतांपेक्षा मला हा पटतो, कारण माणसं अशीच वागतात.

फायूमचा फाटा मागे पडला तेव्हा मी त्यांना नॅश पपायरसचं सांगितलं. इजिप्तमध्ये विकत घेतलेला, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला एक छोटा तुकडा. त्यावर दहा आज्ञा आणि शमा. मृत समुद्राच्या गुंडाळ्या सापडेपर्यंत हिब्रू शास्त्राचं सगळ्यात जुनं हस्तलिखित हेच. पहिल्या आज्ञेत 'तुला इजिप्त देशातून, दास्यगृहातून बाहेर काढलं' असं असतं. या तुकड्यात 'दास्यगृहातून' नाही. इजिप्तमध्ये राहून लिहिणाऱ्याने यजमानाला उगाच कशाला डिवचा म्हणून गाळलं असावं, असा एक तर्क आहे. भावोजी खूप वेळ हसले. "म्हणजे सेन्सॉर बोर्ड तेव्हाही होतं!"

चौथा दिवस : अमार्ना

सकाळी माझ्या चष्म्याची काडी निखळली. ड्रायव्हरने कुठूनशी बारीक तार काढून ती पिळून बसवली, पैसे घ्यायला तयार नाही, "हिंदी? अमिताभ!" एवढंच. पुढे पोलिसांची गाडी, मागे आम्ही. मिन्या भागात परक्या पाहुण्यांना अशी सोबत देतात. नाईल ओलांडायला सपाट तराफा. त्यावर आमची गाडी, एक ट्रॅक्टर आणि बरसीम घासाचे भारे.

पलीकडे काहीच नाही. हेच आधी पचवावं लागतं. अखेनातेनने इ.स.पू. 1350च्या सुमारास इथे कोऱ्या वाळूवर राजधानी वसवली. पंधरावीस वर्षांत ती ओस पडली. कड्यांचा अर्धगोल, मधे मैलोन् मैल वाळू, आतेनच्या छोट्या देवळात नव्याने उभा केलेला एक खांब. 1887 मध्ये एका गावकरी बाईला इथल्या मातीत कीलाक्षरी पाट्या सापडल्या. राजाच्या दप्तरातला परदेशांशी झालेला पत्रव्यवहार, त्यात जेरुसलेमच्या अब्दी-हेबाचीही गाऱ्हाणी : धनुर्धारी पाठवा, नाहीतर मुलूख गेला. आमच्या पेशव्यांच्या दप्तरात अशीच पत्रं असतात, फौज पाठवा, खजिना नाही.

आय हा राजाचा विश्वासू. त्याची कबर दक्षिणेकडे, मुख्य वाटेपासून लांब. चावीवाला गफीर मोटारसायकलवर आमच्या पुढे. कुलूप काढलं, आत गार अंधार. दाराच्या बोळातच भिंतीवर तेरा उभ्या रकान्यांत आतेनचं ते सूर्यस्तोत्र कोरलंय, आणि खाली आय आणि त्याची बायको गुडघे टेकून.

मी मराठी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 104वं स्तोत्र फोनवर उघडून धरलं होतं. गफीरने आरशाने बाहेरचं ऊन आत फेकलं. सूर्यस्तोत्रावर सूर्यच.

दोन्ही मजकुरांचा क्रम ओळखीचा आहे. सूर्य मावळतो, अंधार होतो, सिंह गुहेतून निघतात. सूर्य उगवतो, माणसं कामाला लागतात. मग उद्गार : तुझी कृत्यं किती! पाणी, त्यात जहाजं, त्यात मासेही दोन्हीकडे, फक्त भिंतीवर ते उद्गाराच्या आधी. जेम्स हेन्री ब्रेस्टेड याने हे साम्य दाखवलं आणि तेव्हापासून त्यावर शाई सांडली जातेय.

भावोजी गहिवरले होते. मीही. पण हातातलं भिंग खाली ठेवलं नव्हतं. भिंतीवर म्हटलंय की आतेन मावळला म्हणजे जग मेल्यासारखं पडतं, सिंह बाहेर येतात, साप चावतात. रात्र म्हणजे देव घरी नाही. आणि स्तोत्रसंहितेत? सिंहाची पिल्लं गर्जना करून देवाकडे आपलं अन्न मागतात. रात्रही त्याचीच, सिंहही त्याचेच. चित्र तेच ठेवून अर्थ उलटा केलाय. आणि भिंतीवरची सगळ्यात गोड ओळ, अंड्याच्या कवचात बोलणारं पिल्लू, ज्याला तू आतच श्वास देतोस, ती हिब्रू कवीने घेतलेलीच नाही. समोर हा मजकूर ठेवून लिहिणाऱ्या कुणाला ते पिल्लू सोडवलं असतं? मला तर नसतं सोडवलं. मधे सहासातशे वर्षं, दोन-तीन भाषा आणि कितीतरी गाणारे असावेत. इजिप्तमध्ये सूर्याची स्तोत्रं अखेनातेनच्या आधी होती आणि नंतरही होती. नेमकी याच बंद कबरीतून ओळ गेली असं धरायची गरज नाही.

भिंतीचा एक भाग फोडलेला आहे. 1890मध्ये कुणी तरी तो नासवला. त्याआधी, 1883-84च्या सुमारास, उर्बां बूरियां या फ्रेंच माणसाने तो उतरवून घेतला होता म्हणून तिथला मजकूर आज वाचता येतो. म्हणजे त्या जागी आज जग जे वाचतं ते एका माणसाच्या हातचं. तो जिथे चुकला असेल तिथे आपण सगळे चुकलो. मी बोट न लावता त्या खळग्यासमोर हात धरला. खरवडलेल्या चुनखडीचा पांढरा धूर आरशाच्या उजेडात तरंगत होता.

परतताना गाडीत ताईने विचारलं, "एवढं शहर बांधलं कुणी?" इथल्या साध्या लोकांची दफनभूमी उकरली तेव्हा हाडं सांगू लागली : कोवळी वयं, उपासमार, ओझ्याने दबलेले मणके. उत्तरेकडच्या दफनभूमीत बहुतेक सगळी सात ते पंचवीस वयातली. एकमेव देवाचं शहर पोरांनी वाहिलेल्या दगडांचं होतं. यावर भावोजींचा एकही व्हिडिओ नाही.

पाचवा आणि सहावा दिवस : लक्सर

पाचवा दिवस प्रवासात आणि माझ्या पोटाच्या तक्रारीत गेला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही.

लक्सरला नदीच्या पश्चिमेला मेर्नेप्ताहचं देऊळ आहे, जिथे पहिल्या दिवशीचा शिलालेख सापडला. पायाच उरलाय. राजांच्या दरीत गर्दी, बाजारात केळीच्या पानाचे 'पपायरस'. ताईने दोन घेतले, खोटे आहेत हे ठाऊक असून. "दाराला बरे दिसतील."

संध्याकाळी गच्चीवर लाल कर्कदे पीत बसलो, तेव्हा मी माझं अक्षर बाहेर काढलं.

आमेनेमोपे नावाच्या धान्यखात्याच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलासाठी लिहिलेला उपदेश. वॉलिस बजने 1888 मध्ये तो पपायरस ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवला, छापला गेला 1923 मध्ये. पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मानने दाखवलं की बायबलमधल्या नीतिसूत्रांचा 22व्या अध्यायाच्या मधल्यापासूनचा भाग यावर बेतलेला आहे. गरिबाला लुबाडू नकोस. शेताची हद्द सरकवू नकोस. तापट माणसाशी संगत नको. मोठ्याच्या पंगतीत हावरेपणा नको. श्रीमंतीला पंख फुटतात : आमेनेमोपेकडे ती हंसासारखी उडते, हिब्रूत गरुडासारखी. एका ओळीत नव्हे, रांगेने साम्यं.

"मग हेच तर मी म्हणतोय!" भावोजी खुर्चीतून उठले.

"थांबा. खरी मजा पुढे आहे."

नीतिसूत्रे 22:20. तिथे हिब्रूत एक शब्द कुणालाच लागत नव्हता : 'शिलशोम', म्हणजे परवा. 'मी तुझ्यासाठी परवा लिहून ठेवलं नाही काय?' परवा कशाला? जुन्या वाचकांनाही खटकलं म्हणून समासात दुसरा उच्चार सुचवला, 'उत्तम गोष्टी'. आणि आमेनेमोपेच्या शेवटी काय आहे? 'हे तीस अध्याय पाहा.' त्याच्या पुस्तकात मोजून तीस अध्याय आहेत. हिब्रूत तीस म्हणजे 'शलोशीम'. लिहिताना 'परवा' आणि 'तीस' यांत फरक एका अक्षराचा : वाव की योद. म्हणजे दांडी लांब की आखूड.

मी कागदाच्या रुमालावर दोन्ही काढून दाखवली. एक उभी रेघ खालपर्यंत, एक वरच थांबलेली. आपल्याकडे र आणि व जवळ येऊन ख होतो आणि खाण्याऐवजी रवाणे छापलं जातं, तसं. कुणा एका नकलनवीसाच्या बोरूची शाई दोन मिलिमीटर जास्त ओघळली आणि दोन हजार वर्षं लोक 'परवा'चा अर्थ लावत बसले. तो शब्द सुटायला इजिप्तच्या वाळूतून मूळ मजकूर वर यावा लागला.

हा पुरावा मी मानते. इथे राजपुत्र नाही, कट नाही, दडवलेलं रहस्य नाही. एक कारकून आहे, त्याच्यासमोर दुसऱ्या देशातल्या कारकुनाचं पुस्तक आहे, आणि तो आपल्या देवाचं नाव घालून ते उतरवतोय.

भावोजींनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "पण अखेनातेनचं काय?" म्हणून पुन्हा सुरू झाले. तो विषय त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, आणि काढून घेऊही नये. त्यांच्यामुळेच मी इथे बसले होते.

सातवा दिवस : अस्वान, सेहेल बेट

होडीने सेहेल. ग्रॅनाइटच्या गोट्यावर, मधोमध जुनी आडवी भेग असलेल्या कातळावर, दुष्काळाचा लेख. जोसेर राजाच्या काळात सात वर्षं नाईलला पूर आला नाही. सात वर्षं! भावोजींचा कॅमेरा थांबेना, योसेफाची सात भाकड वर्षं हीच. पण हा लेख जोसेरच्या काळचा नाही. तो टोलेमी राजांच्या काळात, दोन हजारांहून अधिक वर्षांनी, ख्नूम देवाच्या पुरोहितांनी आपल्या जमिनीचा हक्क जुना दाखवायला कोरलाय. बनावट इनामपत्रच. तेव्हा योसेफाची गोष्ट बहुधा लिहून झालेली होती. कुणी कुणाचं ऐकलं हे त्या कातळावरून ठरत नाही.

हे ऐकून भावोजींचा चेहरा पडला. मला उगाच अपराधी वाटलं आणि परतीच्या होडीत मी त्यांना चालवायला सुकाणू मागून दिलं.

आठवा दिवस : एलिफंटाइन

"घारापुरीच की ही!" नाव ऐकून ताई. आपल्या एलिफंटाला नाव पोर्तुगीजांनी दगडी हत्ती पाहून दिलं. इथलं ग्रीकांनी दिलेलं. बाकी संबंध नाही.

बेटाच्या दक्षिण टोकाला मातीच्या विटांच्या भिंती, गुडघ्याएवढ्या. ख्नूमचं देऊळ, आणि त्याला लागून एक गल्ली सोडून, यहुदी शिपायांची वस्ती. इ.स.पू. पाचव्या शतकात इराणच्या बादशहाच्या नोकरीत हे लोक इथे सरहद्द राखत होते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे अरामी भाषेतले पपायरस निघाले : घराचे कागद, लग्नाचे करार, कर्जं, भांडणं. त्यांचं स्वतःचं देऊळ होतं, याहूचं, म्हणजे यहुद्यांच्या देवाचं. पाच दगडी दरवाजे, काशाच्या बिजागऱ्या, देवदाराचं छत. जेरुसलेमबाहेर देऊळ नसावं असं शास्त्र सांगतं. यांना ते माहीत असल्याचं दिसत नाही. इ.स.पू. 410 मध्ये ख्नूमच्या पुरोहितांनी इराणी सुभेदाराला हाताशी धरून ते पाडलं. तीन वर्षांनी यांनी यहुदाच्या सुभेदाराला अर्ज केला : आम्ही गोणपाट नेसून उपास करतोय, दारू पीत नाही, देऊळ बांधू द्या. परवानगी आली, धान्य आणि धूप अर्पण करा अशी. पशुबळीचा उल्लेखच नाही. ख्नूमचं तोंड मेंढ्याचं, हे लक्षात घेतलं तर शेजारधर्म कळतो.

आणि या सगळ्या कागदांत मोशेच्या पाच पुस्तकांतली एक ओळही सापडलेली नाही. मोशेचं नावही नाही. वाचायला काय होतं, तर अहिकार नावाच्या असीरियन दरबाऱ्याची गोष्ट आणि म्हणी, त्याही जकातीचा जुना हिशेब खरवडून त्यावर लिहिलेल्या.

रास्ता पेठेतल्या आजी मला इथे भेटल्या. पुस्तकं समुद्राला गेली, शनिवार तेवढा राहिला. इथे पुस्तक गेलं होतं की अजून पोचलंच नव्हतं, यावर अभ्यासक भांडतात. पण शनिवार होता. खापराच्या एका तुकड्यावर शाईने लिहिलेली चिठ्ठी सापडली आहे, इस्लाह नावाच्या बाईला : मी उद्या भाजी पाठवतोय, उद्या शब्बाथाला होडीवर ये, भाजी वाया जाऊ देऊ नकोस. याहूची शपथ, आली नाहीस तर तुझा जीव घेईन.

शब्बाथाला काम करायचं नसतं, एवढं सोडून सगळं त्यात आहे.

भावोजींनी ती चिठ्ठी मला दोनदा सांगायला लावली. मग ते त्या पडक्या भिंतीच्या सावलीत बसले आणि त्यांनी फोन काढला नाही. ताईने डबा उघडला, काकडी चिरली.

दुपारी धक्क्यावर होडीची वाट बघत उभे होतो. शनिवार होता, हे मी मुद्दाम जुळवलेलं नव्हतं. अस्वानकडून होडी आली, आधी टोमॅटोच्या जाळ्या, मग कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या, मग माणसं. वरच्या पायरीवर काळ्या झग्यातली एक नूबियन बाई उभी होती. होडीवाल्याने लांबूनच तिच्यावर आवाज चढवला, आणि तीही उतरता उतरता तेवढ्याच जोराने काहीतरी म्हणाली.